उंबराच्या ढोलीतली शेपटी

2019 सालची श्रावणातली बॅच होती, अडीचशे अंडीपुंजांची. चॉकी, म्हणजे रेशमाच्या लहान वाढवलेल्या अळ्या, आणून दहा-अकरा दिवस झाले होते. अळ्या शेवटची कात टाकून उठल्या होत्या आणि शेडमध्ये तो आवाज सुरू झाला होता, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. हजारो अळ्या एकदम तुतीचा पाला खातात त्याचा तो आवाज. ज्याच्या घरी रेशीम आहे त्यालाच तो ओळखू येतो. सकाळी फांद्या टाकताना एका अळीच्या पाठीवर पांढरा ठिपका दिसला, खसखशीच्या दाण्याहून बारीक. मग शेजारच्या अळीवर दिसला. चौथ्या रॅकपर्यंत गेले तर काही अळ्यांवर ठिपक्याजवळ काळा डाग पडलेला. म्हणजे अंडं फुटलं होतं आणि आतला जीव अळीच्या अंगात शिरला होता.

उझी माशी. दाराची जाळी एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडली होती, बोट जाईल एवढंच भोक. तिला तेवढं पुरलं.

निम्म्याहून जास्त अळ्यांनी कोष केलेच नाहीत. जे झाले त्यातल्या कितीतरी कोषांना टोकाला गोल भोक. असल्या कोषाचा धागा सलग उलगडत नाही, त्यामुळे भाव नाही. चॉकीचे आणि मजुरीचे पैसे कसेबसे निघाले. आत्याबाई म्हणाल्या, "माशी शिंकली म्हणायचं अन् पुढची बॅच घ्यायची. रडून काय पाला उगवायलाय?" त्यांचं खरं होतं. पण मला ती माशी सोडवेना. रॅकच्या खाली, भिंतीच्या फटीत तिचे तपकिरी-लाल कोश सापडायचे, मोठ्या गव्हाच्या दाण्यासारखे गुळगुळीत. मी ते चिमट्यानं गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायची आणि मनात शिव्या द्यायची.

मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेलं आहे. लग्न करून धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीजवळच्या या गावात आले तेव्हा पुस्तकं पत्र्याच्या पेटीत गेली. त्या दिवाळीत पेटी उघडली ती या माशीसाठी. उझी ही टॅचिनिड नावाच्या कुळातली. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या माश्या दुसऱ्या कीटकाच्या अंगात वाढतात, बहुतेक करून पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांमध्ये. रानात पानं खाणाऱ्या अळ्या बेसुमार वाढत नाहीत, त्यात या कुळाचा मोठा वाटा. म्हणजे जिनं माझी बॅच बुडवली, तिचीच भावकी डोंगरावरच्या झाडांची पानं राखत होती. वाचून मी थोडा वेळ पेटीवरच बसून राहिले. राग गेला असं नाही. जाळी मी आजही दर आठवड्याला तपासते. पण तिच्याविषयी आणखी वाचावंसं वाटायला लागलं, ते तिथून.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या तोंडी माशीची नावं पुष्कळ आहेत. ज्वारीची खोडमाशी, कणसावरची मिजमाशी, तुरीची शेंगमाशी, आंब्या-पेरूची फळमाशी. गुरांना डसणारी गोमाशी. सगळी नावं नुकसान करणारीची. भल्या माशीला बोलीत नावच नाही, एक मधमाशी सोडली तर. आणि मधमाशी तर माशीच नव्हे. खऱ्या माशीला पंख दोनच असतात, मधमाशीला आणि गांधीलमाशीला चार. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गाठ असलेल्या, आणि उडताना तोल सांभाळायचं काम त्या करतात. या हिशेबानं डासही माशीच्याच गणातला आणि चिलटही. जगात या गणातल्या दीड लाखाहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. त्यातल्या घरात, उकिरड्यावर आणि पिकावर त्रास देणाऱ्या मूठभर. बाकीच्यांशी आपली ओळखच नाही. केशर आंब्याच्या मोहोरावर दुपारी उभं राहून बघा, मधमाश्यांपेक्षा या दोन पंखांवाल्याच जास्त दिसतील. फळ धरतं त्यात त्यांची मेहनत मोठी आहे.

येडशीचं रामलिंग म्हणजे बालाघाटाच्या डोंगरातली खोल घळ. खाली महादेवाचं देऊळ, पावसाळ्यात शेजारी धबधबा. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाशी लढून जटायू इथं पडला आणि रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, असं आमच्याकडे सांगतात. 1997 मध्ये इथं अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे 22 चौरस किलोमीटर. विदर्भातल्या माणसाला हे जंगल म्हणून दाखवायला संकोच वाटावा एवढंच. पळस, खैर, धावडा, बोर, सीताफळ, मध्ये मध्ये लावलेलं गिरिपुष्प. मार्चपासून सगळं वाळून करडं होतं. पण आमच्या जिल्ह्यात सलग झाडं दिसायची ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे आम्हाला ते थोर.

2020 च्या पावसाळ्यापासून मी आणि माझी लेक तिथं जातो. बॅच नसेल त्या रविवारी. अभयारण्यात कीटक पकडायला परवानगी लागते, म्हणून आम्ही फक्त बघतो आणि मोबाईलवर साधं भिंग लावून फोटो काढतो. वही लेकीकडे. बार्शीच्या बाजारातून पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या आणल्यात, त्यात साबणाचं पाणी घालून आपल्या बांधावर ठेवतो. पिवळ्या रंगाला फूल समजून कीटक उतरतात. पण ते घरचं झालं. खरं बघायचं ते घळीत.

पहिल्या वर्षी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक जुनं उंबर सापडलं. कमरेच्या उंचीवर त्याला ढोली आहे, फांदी मोडून पडलेली जागा कुजत कुजत झालेली. पावसाचं पाणी त्यात साचून कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं, तळाला कुजलेली पानं. लेक वाकून बघत होती. म्हणाली, "आई, यात उंदराच्या शेपट्या आहेत."

खरंच शेपट्याच होत्या. पाण्याच्या पृष्ठभागाला टोक टेकवून उभ्या, पांढरट, बारीक, हलणाऱ्या. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. हळूहळू नजर पाण्यात उतरली तेव्हा प्रत्येक शेपटीच्या खाली करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी लांब अळी दिसली, पानांच्या लगद्यात तोंड घालून बसलेली. लेकीनं एक काडी पाण्यात घातली तशी सगळ्या शेपट्या झटकन आखडल्या. नळीत नळी सरकावी तशी ती शेपटी आत जाते आणि बाहेर येते. ते तिचं नाक. कुजक्या पाण्यात प्राणवायू नसतो, म्हणून अळी तळाशी बसून जेवते आणि हवा वरून घेते. पाणी वाढलं की नळी लांबवते. या अळीची पुढं सिरफिड कुळातली माशी होते. अंगावर पिवळे-काळे पट्टे, दिसायला हुबेहूब मधमाशी, पण डंख नाही. हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते, मग क्षणात बाजूला सरकते आणि पुन्हा थांबते. तिच्याच कुळातल्या दुसऱ्या काही जातींच्या अळ्या पानांवर राहून मावा खातात. कृषीच्या मेळाव्यात मित्रकीटक म्हणून दाखवतात त्या ह्याच.

शिवेवर शेळ्या राखणारे आबा आमच्याकडं बराच वेळ बघत होते. "ताई, काय हरवलंय का?"

"नाही आबा, माश्या बघायलाव."

"माश्या बघायला इथवर यायचं? आमच्या वाड्यावर ये की, पाटीभर देतो."

मी त्यांना ढोली दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, शेपटी आखडताना पाहिली आणि म्हणाले, "ही मी पोरपणी बघितलीया. ह्याच झाडात. मला वाटायचं पाण्यातला जंतू हाय." सत्तरीचे असतील ते. म्हणजे ही ढोली आणि ही वस्ती किती जुनी असेल ते मनातल्या मनात मोजत मी घरी आले.

माशीवरून रान कसं आहे ते का कळतं, याचं उत्तर मला त्या ढोलीनं दिलं. मोठी झालेली माशी उडून कुठंही जाते, पण तिची अळी जागेला बांधलेली असते. शेपटीवाली अळी हवी तर साचलेलं, कुजकं पाणी हवं, आणि झाडावर ढोली हवी तर झाड म्हातारं होईपर्यंत कुणी तोडलेलं नको. क्रेन फ्लाय नावाची एक लांबलचक पायांची माशी असते, भिंतीवर बसली की लोक तिला मोठा डास समजून चपलेनं मारतात. ती चावत नाही. तिच्या बऱ्याच जातींच्या अळ्या ओल्या पाल्यापाचोळ्यात, चिखलात नाहीतर कुजक्या लाकडात वाढतात. बी फ्लाय म्हणून एक केसाळ, भुंग्यासारखी असते. तिच्या काही जाती जमिनीत बिळं करून एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बिळांत पोसल्या जातात, म्हणजे ती दिसली की समजायचं, इथली जमीन उकरली गेलेली नाही. आणि टॅचिनिड माश्यांच्या दहा तऱ्हा दिसल्या की तेवढ्या तऱ्हेच्या अळ्या आणि त्या अळ्यांना लागणारी तेवढी झाडंझुडपं आसपास आहेत असं धरायला हरकत नाही. ओलावा, कुजणं, बुरशी, शेण, फुलं, माती, दुसरे कीटक, यातल्या प्रत्येक गोष्टीला एक ना एक माशी बांधलेली आहे. रानातली एखादी गोष्ट संपली की तिची माशी गप्प निघून जाते.

युरोपात हे काम फार नेटकं बांधलेलं आहे. मार्टिन स्पाइट यांनी सिरफिड माश्यांची एक मोठी माहितीसाठवण उभी केली. कुठल्या जातीला कुठल्या प्रकारचं रान लागतं ते त्यात नोंदलेलं. मग एखाद्या जंगलात कुठल्या जाती असायला हव्यात त्याची यादी काढायची आणि प्रत्यक्ष सापडलेल्यांशी ताडून बघायची. न सापडलेल्या जाती कुजक्या लाकडावर जगणाऱ्या असतील, तर त्या जंगलात पडकी झाडं कुणीतरी उचलून नेतंय हे कागदावरच कळतं. मला ही कल्पना फार आवडली. हजेरीपटासारखी आहे. नुसतं किती पोरं आली ते मोजायचं नाही, कोण आलं नाही ते बघायचं आणि त्याच्या घरी जाऊन विचारायचं. आपल्या बालाघाटाचा असा पट माझ्या माहितीत तरी कुणी मांडलेला नाही. आमची वही ही फक्त आम्हाला दिसलेल्यांची वही आहे, आणि बहुतेक ठिकाणी मी जातीचं नाव लिहूच शकत नाही, कुळावर थांबते. माशीची जात ठरवायला पंखांच्या शिरा आणि अंगावरचे केस मोजावे लागतात, ते फोटोवर होत नाही.

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांचं काम वाचलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला. त्यांनी 63 संरक्षित जागांवर तंबूसारखे सापळे लावून 27 वर्षं उडणारे कीटक गोळा केले, वजन केले. 2017 मध्ये निष्कर्ष आला, कीटकांचं वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटलं होतं. संरक्षित जागांवर! बाहेरून झाडं हिरवी, पाटी लावलेली, कुंपण नीट, आणि आत हे. तो तंबू ज्यानं शोधला त्या रेने मलेझची गोष्टही सुंदर आहे. हा स्वीडनचा माणूस. तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडायला वर वर चढतात आणि कोपऱ्यातल्या भोकातून निसटतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्यानं भोकाच्या जागी बाटली लावायची ठरवली.

आता आमच्या देवळाचं. श्रावणी सोमवारी रामलिंगला गर्दी मावत नाही. फोडलेले नारळ, सांडलेला प्रसाद, उष्ट्या पत्रावळी. त्यावर माश्या इतक्या की पत्रावळ काळी दिसते. 2021 च्या एका सोमवारी आम्ही दोघींनी पायऱ्यांपाशी अर्धा तास मोजलं. माश्या मोजण्यापलीकडं, पण तऱ्हा 4. घरमाशी, चकचकीत हिरवी-निळी माशी, आणखी दोन. तिथून तीनशे पावलं वर, उंबराजवळ, तेवढाच वेळ बसलो. एकेक माशी शोधावी लागत होती. वहीत 40 सुद्धा भरल्या नाहीत, पण तऱ्हा 18. पानावर उभी राहणारी लांब पायांची हिरवी, तांब्याची भांडी घासल्यासारखी चमकणारी. फुलांवरच्या सिरफिड. आणि पडलेल्या धावड्याच्या खोडावर बसलेली रॉबर फ्लाय.

तिच्याविषयी सांगायलाच पाहिजे. करड्या अंगाची, लांबट, तोंडावर ताठ केसांची दाढी. ती खोडाच्या टोकाला बसून डोकं इकडून तिकडं फिरवत होती. समोरून एक छोटी माशी गेली. ही उठली, हवेतच तिला सहा पायांत धरलं आणि पुन्हा त्याच जागेवर येऊन बसली. सोंड खुपसली की भक्ष्याचं आतलं सगळं पातळ होतं, ते ती शोषून घेते. दाढी कशाला असते, ते तेव्हा कळलं: धडपडणाऱ्या भक्ष्याच्या पायांपासून तोंड वाचवायला. हिच्या अळ्या मातीत आणि कुजक्या लाकडात राहून तिथल्या दुसऱ्या अळ्या खातात. म्हणजे वरही शिकारी, खालीही शिकारी. खाली खायला कुणी नसेल तर ही नसते.

2022 च्या उन्हाळ्यात ते खोड गेलं. साफसफाईला आलेल्या काही मंडळींनी पायऱ्यांपासून वरपर्यंत सगळा पाचोळा झाडून ढीग पेटवले आणि पडकी लाकडं ओढून नेली. मनानं चांगलीच माणसं होती ती. घामाघूम होऊन राबत होती आणि प्लॅस्टिकची पोती भरून त्यांनी खरोखर उपकार केले. त्यांना पाचोळा हा कचरा वाटला, एवढंच. त्या पावसाळ्यात त्या तुकड्यावर आम्ही 3 वेळा बसलो. रॉबर फ्लाय नाही, क्रेन फ्लाय नाही. उघड्या पडलेल्या मातीवर पाणी न मुरता वाहून गेल्याच्या रेघा होत्या. झाडं मात्र तेवढीच हिरवी. फोटो काढला असता तर आधीच्या वर्षीचा आणि या वर्षीचा वेगळा ओळखता आला नसता.

एका वर्षावरून बोलू नये, हेही मी शिकले. 2023 चा ऑगस्ट सगळ्या देशातच कोरडा गेला, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमच्याकडे सोयाबीन फुलात असतानाच माना टाकून उभं होतं. उंबराची ढोली सुकली, तळाचा लगदा कडक झाला, शेपट्या दिसल्याच नाहीत. मला वाटलं संपलं. 2024 ला पाऊस चांगला झाला आणि जुलैत ढोलीत पुन्हा पांढरी टोकं उभी. ढोली होती, पाणी आलं, ती परतली. खोडाच्या जागेवर मात्र खोडच नव्हतं, तिथं पाऊस येऊनही काही फरक पडला नाही. दुष्काळाचं नुकसान आणि माणसाच्या हातचं नुकसान यातला फरक वहीच्या त्या दोन पानांवर शेजारी शेजारी आहे.

2024 च्या डिसेंबरात रामलिंगच्या जंगलात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून शेकडो किलोमीटर चालत आलेला. कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला आणि सगळा जिल्हा तिकडं बघायला लागला. आम्हीही महिनाभर घळीत पाऊल ठेवलं नाही, भीती तर होतीच. गावात लोक म्हणायला लागले, वाघ आला म्हणजे आपलं जंगल भारी. मला आनंदच झाला होता, रात्री झोप लागत नव्हती इतका. पण हे म्हणणं मला पटलं नाही. तो वाटेवरचा पाहुणा. जनावरं मारून राहिला. त्याच्या येण्यावरून त्याच्या पायांचा दम कळतो, आमच्या ओढ्याकाठच्या मातीचं काय झालंय ते कळत नाही. ते सांगणारी अळी जन्मभर एका ढोलीतून हललेली नसते.

त्या साफसफाईवाल्यांना मी गाठलं. 2024 च्या गणपतीनंतर, त्यांच्याच बैठकीत. भाषण येत नाही मला, मी वही आणि फोटो नेले. ढोलीचा व्हिडिओ दाखवला, शेपटी आत जाताना आणि बाहेर येताना. पोरं मोबाईलवर वाकली. एकानं विचारलं, "पण ताई, पाणी साचलं की डास होतात ना?" होतात. ढोलीत डासही वाढतात, मी खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, गावातल्या टायरांत आणि टाक्यांत साचलेलं पाणी आधी ओता, तिथले डास आपल्याला चावतात. रानातल्या ढोलीत डासांच्या बरोबर दहा जण आणखी राहतात. बराच वेळ बोलणं झालं. ठरलं ते असं: प्लॅस्टिक, पत्रावळी, काच, कापड सगळं उचलायचं, पायऱ्यांवरचा पाचोळा झाडायचा, पण पायऱ्या सोडून बाजूला हात लावायचा नाही. पडलेलं झाड वाटेत असेल तर कडेला सरकवायचं, न्यायचं नाही.

पाळतील का याची मला खात्री नव्हती. यंदा पावसाळ्यात, एका बुधवारी रात्री, मी अळ्यांना पाला टाकत होते तेव्हा त्यातल्याच एका पोराचा फोन आला. दिवसभर रामलिंगला कामाला होता.

"ताई, झोपला का? इथं खोलीत भिंतीवर एक लई मोठा डास बसलाय. पाय हे एवढे लांब. वरनं, पाचोळ्याकडनंच आला असंल. मारू का ठेवू?"

"ठेव," म्हणाले. "आणि दिवा घालव, म्हणजे जाईल बाहेर."